एक सिरियल टर्मिनल, अनेक कॉम्प्युटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेक कंपनीचं व्हीटी मालिकेतलं किंवा वाइझ कंपनीचं एखादं जुनं टर्मिनल (म्हणजे केबलने कॉम्प्युटरला जोडायचा नुसता पडदा आणि कीबोर्ड) चालू स्थितीत हाती लागलं की पहिला आठवडा आनंदात जातो. मग प्रश्न सुरू होतात. टर्मिनल एकच, पण जोडायला लिनक्सचा पीसी आहे, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे, राउटर आहे, कुणाकडे सन कंपनीचं जुनं मशीनही आहे. दर वेळी टेबलामागे वाकून केबल बदलायची का?

माझं मत आधीच सांगतो. मशीनं दोनच असतील आणि शेजारी-शेजारी असतील, तर हाताने फिरवायचा स्विच बॉक्स पुरतो. तीन किंवा जास्त असतील, तर टर्मिनल आणि बाकी मशीनं यांच्यामध्ये एक छोटी लिनक्स पेटी ठेवा. असं का, ते पुढच्या उत्तरांत येईल.

सगळ्या केबल एकाच ठिकाणी जोडून टाकल्या तर का चालत नाही?

टर्मिनलची ही केबल ज्याने चालते ते आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. आपण आजही जिच्या भाषेत बोलतो ती त्याची सी आवृत्ती १९६९ ची. एका टर्मिनलला एक मोडेम जोडायचा, एवढंच काम त्या लोकांसमोर होतं. त्यामुळे प्रत्येक तारेवर बोलणारा एक आणि ऐकणारा एक, हे त्यात गृहीतच आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की गप्प असलेली तार शून्य व्होल्टवर नसते. पाठवणारा तिला सतत ऋण बाजूला धरून ठेवतो, उणे ५ ते उणे १५ व्होल्टच्या दरम्यान. अक्षर पाठवताना ती तेवढ्यापुरती धन बाजूला जाते. आता दोन कॉम्प्युटरांच्या पाठवायच्या तारा एकत्र पिळल्या, तर एक बोलू लागताच दुसरा तीच तार ऋण बाजूला खेचत राहतो. टर्मिनलच्या वाट्याला मधलंच काहीतरी येतं. अधिक ३ ते उणे ३ हा पट्टा मानकाने अधांतरी ठेवला आहे, तिथे शून्य वाचायचं की एक, हे ठरलेलंच नाही. पडद्यावर कचरा येतो किंवा काहीच येत नाही.

जळायची भीती मात्र फारशी नाही. कुठल्याही दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी सर्किट टिकलं पाहिजे, ही अट मानकातच आहे.

मग डायोड लावून तारा एकत्र केल्या तर?

विजेच्या हिशेबाने जमतं. गप्प तार ऋण आणि बोलती तार धन असल्यामुळे प्रत्येक कॉम्प्युटरच्या तारेत एक डायोड आणि टर्मिनलच्या बाजूला ऋण व्होल्टेजकडे ओढणारा एक रेझिस्टर, एवढ्यात काम भागतं. पण दोन मशीनं एकाच वेळी बोलली की अक्षरं एकमेकांत मिसळतात, आणि बूट होताना तर सगळीच बोलतात. त्याहून वाईट म्हणजे तुमचा कीबोर्ड सगळ्यांना एकदम ऐकू जातो. एका मशीनवरची फाइल पुसायला दिलेली आज्ञा दोन्ही मशीनं इमानेइतबारे पाळतील. मी हे कुणालाही सुचवणार नाही.

आरएस-४८५ या दुसऱ्या मानकात तारांच्या एका जोडीवर ३२ उपकरणं बसतात, मग इथे का नाही, असंही विचारलं जातं. तिथे प्रत्येक उपकरण आपला आवाज पूर्ण बंद करू शकतं, आणि बोलायची पाळी कुणाची हे मॉडबससारखा प्रोटोकॉल पत्ता देऊन ठरवतो. लॉगिन प्रॉम्प्टला असा पत्ता नसतो.

सरळ केबल लागते की उलटी?

टर्मिनल आणि पीसी दोघंही स्वतःला डीटीई, म्हणजे टोकाचं उपकरण, समजतात, म्हणून मध्ये नल मोडेम, म्हणजे उलटी केबल लागते. २५ पिनांच्या कनेक्टरवर डीटीई २ वरून पाठवतो, ३ वर ऐकतो आणि ग्राउंड ७ वर असतो. ९ पिनांच्या कनेक्टरवर, जो आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीबरोबर रूढ झाला, नेमकं उलट आहे: पाठवायला ३, ऐकायला २, ग्राउंड ५. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

कागदावर डोकं फोडण्यापेक्षा मल्टिमीटर घ्या. टर्मिनल चालू करा, केबल काढा, काळी प्रोब ग्राउंडच्या पिनेवर धरा आणि लाल प्रोब आधी २ वर, मग ३ वर टेकवा. जिथे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास आकडा स्थिर दिसेल ती पाठवायची पिन. दुसरी शून्याजवळ असेल, ती ऐकायची. हेच कॉम्प्युटरच्या बाजूला करा. दोन्हीकडे सारखाच कनेक्टर असून ऋण व्होल्टेज एकाच क्रमांकाच्या पिनेवर आलं, तर सरळ केबल चालणार नाही. बघायला मिनिटही लागत नाही, आणि संध्याकाळ वाचते.

माझ्या टर्मिनलला टेलिफोनसारखं सॉकेट आहे, पण खटका एका बाजूला आहे. हे काय?

तो डेकचा एमएमजे. सहा तारांचा, आणि टेलिफोनची पिन चुकून कुणी घालू नये म्हणून खटका मुद्दाम बाजूला सरकवलेला. व्हीटी३२० वर हाच मिळतो. दोन्ही टोकांना एमएमजे असलेली डेकची नेहमीची केबल आतूनच उलटी असते, त्यामुळे वेगळा नल मोडेम लावायचा नाही. ९ पिनांच्या पीसी पोर्टसाठी डेकचाच एच८५७१-जे हा ॲडॉप्टर आहे. तो मिळाला नाही तर सहा तारांचा साधा मॉड्युलर प्लग घेऊन त्याचा खटका कापला तरी बसतो. सैल बसतो, म्हणून केबल टेबलाच्या पायाला बांधून घ्या.

यात आरटीएस आणि सीटीएस या तारा नाहीत. म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांनी 'थांब' सांगणं) विसरा, एक्सऑन-एक्सऑफवरच (तेच अक्षरांनी सांगणं, पुढे येतं) चालवायचं.

स्विच बॉक्स कुठला घ्यावा?

नॉब फिरवायचा, पूर्ण यांत्रिक, ए-बी किंवा ए-बी-सी-डी लिहिलेला. आत फक्त फिरता स्विच आणि तारा असतात, वीज लागत नाही. एके काळी ऑफिसात दोन पीसींमध्ये एक प्रिंटर वाटून घ्यायला वापरत ते २५ पिनांचे बॉक्स सिरियललाही चालतात, मात्र आतून सगळ्या २५ पिना जोडलेल्या हव्यात. कंटिन्युइटी लावून किमान २ ते ८ आणि २० या पिना तपासा. आपोआप बदलणारे इलेक्ट्रॉनिक प्रिंटर शेअरर घेऊ नका. ते कॉम्प्युटरकडून प्रिंटरकडे एकाच दिशेने डेटा नेण्यासाठी बनवलेले असतात, कीबोर्डचं उलट जाणारं अक्षर त्यांना कळत नाही.

बॉक्सला एक मर्यादा आहे: नॉब फिरवला म्हणून बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, बदलत नाही. त्यामुळे त्यावरची सगळी मशीनं एकाच वेगावर आणि एकाच पॅरिटीवर (चूक ओळखायच्या जास्तीच्या बिटाची पद्धत) ठेवावी लागतात. ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. हे जवळपास प्रत्येक टर्मिनलला आणि राउटरला चालतं.

नॉब फिरवून परत आलो तर पहिलं मशीन मेल्यासारखं वाटतं. का?

बहुतेक वेळा ते मेलेलं नसतं, तुमच्या परवानगीची वाट बघत असतं.

टर्मिनलचा बफर भरत आला की ते कॉम्प्युटरला एक्सऑफ पाठवतं, म्हणजे 'थांब'. हे तेच कंट्रोल-एस. अक्षरं पडद्यावर उतरली की एक्सऑन, म्हणजे कंट्रोल-क्यू, 'चालू दे'. समजा मशीन ए वरून लांबलचक यादी वाहत होती. टर्मिनलने एक्सऑफ पाठवला, आणि नेमका त्याच क्षणी तुम्ही नॉब बी वर नेला. आता एक्सऑन जाणार बी ला. बी ला त्याचं काही देणंघेणं नाही, आणि ए बिचारं थांबलेलं. परत ए वर आलात की कंट्रोल-क्यू दाबा. तेवढ्याने नाही झालं तर डेकच्या टर्मिनलवर सेटअपमध्ये जाऊन 'क्लिअर कॉम' करा. ते टर्मिनलच्या बाजूची अडकलेली स्थिती साफ करून एक्सऑन पुन्हा पाठवतं. म्हणून आधी आउटपुट थांबू द्यायचं, प्रॉम्प्ट दिसू द्यायचा, मगच नॉबला हात लावायचा.

दुसरा प्रकार पडद्याचा. ए वर व्हीआय हा एडिटर उघडा ठेवून तुम्ही बी वर गेलात. बी ला काय माहीत, की टर्मिनलचा स्क्रोल होणारा भाग ए ने आखून ठेवलाय, ॲरो की वेगळ्या मोडमध्ये टाकल्यात? बी चा मजकूर मग पडद्याच्या मधल्याच पट्टीत सरकतो. अक्षरांच्या जागी रेघा आणि कोपरे दिसायला लागले, तर टर्मिनल चित्रलिपीच्या संचात अडकलंय. लिनक्सवर 'रीसेट' ही आज्ञा आंधळेपणाने टाइप करून एंटर दाबा, पडदा ठिकाणावर येतो. ए वर परतल्यावर व्हीआयमध्ये कंट्रोल-एल दाबलं की तो आपला पडदा पुन्हा रंगवतो.

स्विच फिरवताना समोरचं मशीन खरोखरच बंद पडू शकतं का?

हो, आणि हा धोका गांभीर्याने घ्या. सिरियल तार एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त काळ धन बाजूला राहिली की ऐकणारा त्याला ब्रेक, म्हणजे लक्ष वेधायचा खास इशारा, समजतो. टर्मिनल बंद-चालू करताना किंवा नॉब फिरवताना असा झटका जाऊ शकतो.

सनच्या स्पार्क मशीनवर कन्सोलवरचा (मुख्य नियंत्रणाच्या पोर्टवरचा) ब्रेक म्हणजे थेट थांबा: चालू सोलॅरिस, म्हणजे सनची ऑपरेटिंग सिस्टिम, जागच्या जागी गोठतो आणि 'ओके' प्रॉम्प्ट येतो. 'गो' टाइप केलं तर पुढे चालू लागतो, पण तोवर त्यावर अवलंबून असलेले सगळे अडकलेले. सोलॅरिस ८ पासून यावर उपाय आहे. केबीडीच्या सेटिंगमध्ये पर्यायी खूण निवडली की साधा ब्रेक दुर्लक्षिला जातो, आणि एंटर, टिल्ड, कंट्रोल-बी असं ओळीने दाबल्यावरच मशीन थांबतं. सिरियल कन्सोल असलेल्या प्रत्येक सनवर हे पहिल्या दिवशीच करून टाका.

सिस्कोचा राउटर बूट होताना पहिल्या मिनिटात ब्रेक आला तर तो आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) उघडण्याऐवजी रॉममॉन या दुरुस्तीसाठीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये जाऊन बसतो. लिनक्सच्या सिरियल कन्सोलवर मॅजिक सिस-आरक्यू चालू असेल, तर ब्रेकनंतर पाच सेकंदांत आलेलं पुढचं अक्षर ही थेट कर्नलला दिलेली आज्ञा ठरते, आणि ते अक्षर 'बी' असेल तर मशीन डिस्क नीट बंद न करता रीबूट होतं. लॉगिन नाव 'बी' पासून सुरू होणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

नॉब फिरवला तर आधीच्या मशीनवरचं माझं लॉगिन चालूच राहतं का?

केबलवर अवलंबून आहे. टर्मिनलचा डीटीआर ('मी चालू आहे' सांगणारी तार) समोरच्या डीसीडीला ('पलीकडे कुणी आहे' हे ओळखणारी तार) जोडलेला असेल आणि कॉम्प्युटर मोडेम कंट्रोल पाळत असेल, तर नॉब फिरताच त्याला फोन ठेवल्याचा इशारा जातो आणि सेशन बंद होतं. तीनच तारांची केबल असेल तर त्याला काहीच कळत नाही. रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचं, सेशन उघडं राहतं, आणि पुढे जो कुणी नॉब फिरवील त्याच्या हातात ते आयतं पडतं.

घरात एकटे असाल तर सेशन टिकणं सोयीचं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात मात्र सगळ्या तारांची केबल बनवा. जास्तीच्या चार तारा सोल्डर करायचा कंटाळा तिथे करू नये.

एकाच टर्मिनलवर दोन मशीनं एकदम बघता येतात का?

काही टर्मिनलांवर, हो. डेकचं १९९० चं व्हीटी४२० याचं उत्तम उदाहरण. त्याला दोन सिरियल पोर्ट आहेत आणि ते दोन स्वतंत्र सेशन सांभाळतं. ग्लोबल सेटअपमध्ये पहिलं सेशन पहिल्या पोर्टला आणि दुसरं दुसऱ्याला द्यायचं, मग एफ४ दाबून इकडून तिकडे जायचं. पडदा दुभागून दोन्ही एकदम बघताही येतात. प्रत्येक सेशनचा पडदा आणि कर्सर टर्मिनल स्वतः लक्षात ठेवतं, त्यामुळे वर सांगितलेल्या नॉबच्या कटकटी इथे येत नाहीत.

वाइझ-६० लाही मागे दोन पोर्ट दिसतात, पण दुसरा प्रिंटरसाठीचा आहे. त्यावर दुसरा कॉम्प्युटर लावून दोन सेशन मिळतील ही अपेक्षा ठेवू नका.

पूर्वी शेकडो टर्मिनलं असलेल्या ठिकाणी हे कसं करत?

दोन मार्ग होते. पहिला डेटा पीबीएक्स: ऑटावाच्या गँडाल्फ कंपनीचं पॅक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. सगळी टर्मिनलं एका बाजूला, सगळ्या कॉम्प्युटरांचे पोर्ट दुसऱ्या बाजूला. एंटर दाबलं की यंत्र विचारायचं, कुठे जायचंय. नाव टाइप केलं की मोकळा पोर्ट जोडून द्यायचं.

दुसरा मार्ग १९८० च्या दशकात आला, टर्मिनल सर्व्हर. डेकसर्व्हर २०० ला आठ टर्मिनलं जोडायची आणि तो इथरनेटवरून हव्या त्या व्हॅक्स कॉम्प्युटरशी बोलायचा. 'लोकल' प्रॉम्प्टवर 'कनेक्ट' आणि मशीनचं नाव. ब्रेक दाबला की परत लोकलवर, तिथून दुसऱ्या मशीनला कनेक्ट, मग 'रिझ्यूम' करून पहिल्याकडे. एक टर्मिनल, अनेक मशीनं, सगळी सेशन जिवंत. याहून चांगली रचना आजही मला सुचत नाही. पुढच्या उत्तरातली लिनक्स पेटी हेच काम करते.

आपल्याकडच्या रेल्वे आरक्षणाची आठवण इथे अनेकांना येते, पण तिथला मार्ग वेगळा होता. खिडकीवरचं टर्मिनल आपल्या केंद्राच्या कॉम्प्युटरलाच जोडलेलं असे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रं १९९९ मध्ये कॉन्सर्ट प्रणालीने एकमेकांना जोडली गेली, म्हणून मुंबईच्या खिडकीवर बसून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण मिळू लागलं. टर्मिनलने मशीन बदललं नाही, मशीनंच आपसांत बोलू लागली.

मध्ये लिनक्स पेटी ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

रास्पबेरी पाय किंवा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप घ्या. त्याला एक यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर लावून टर्मिनल जोडा. लिनक्सच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये 'सिरियल-गेटी' नावाचा साचा तयार असतो. त्याला पोर्टचं नाव दिलं आणि ती सर्व्हिस चालू केली की टर्मिनलवर लॉगिन प्रॉम्प्ट येतो. इथे एक अडचण हमखास येते: हा साचा १,१५,२०० पासून सुरुवात करतो, आणि व्हीटी२२० किंवा व्हीटी३२० ची धाव १९,२०० पर्यंतच आहे. ब्रेक दाबत गेलं तर गेटी यादीतल्या पुढच्या वेगावर सरकते, पण ती तडजोड झाली. सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये ९६०० किंवा १९,२०० एवढा एकच वेग लिहून मोकळे व्हा. टर्मिनलचा प्रकार म्हणून ती व्हीटी२२० धरते, तो बहुतेकांना चालतो; वाइझ असेल तर बदलावा लागेल.

आता लॉगिन झाल्यावर स्क्रीन किंवा टीमक्स चालवा, एका पडद्यावर अनेक खिडक्या सांभाळणारे हे प्रोग्रॅम आहेत. मी सिरियलच्या कामासाठी स्क्रीनच वापरतो, कारण त्याला थेट सिरियल पोर्टचं नाव देऊन खिडकी उघडता येते. पहिल्या खिडकीत पायचाच शेल. दुसरीत एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, लिनक्स सर्व्हर. तिसरीत दुसऱ्या ॲडॉप्टरवरून राउटरचा कन्सोल, ९६०० वर. चौथीत जुनं सन. कंट्रोल-ए आणि खिडकीचा आकडा दाबला की ती खिडकी समोर. राउटरला ब्रेक द्यायचा असेल तर कंट्रोल-ए आणि मग बी. म्हणजे ब्रेक आता तुमच्या इच्छेने जातो, नॉबच्या लहरीने नाही.

या मांडणीचा मोठा गुण असा, की टर्मिनल फक्त पायशी बोलतं. एक्सऑन-एक्सऑफ या दोघांतच राहतं. प्रत्येक खिडकीचा पडदा स्क्रीन स्वतः सांभाळतो आणि बदलताना नव्याने रंगवतो. प्रत्येक मशीनचा बॉड रेट वेगळा असला तरी हरकत नाही. टर्मिनल बंद केलं तरी सेशन मागे चालू राहतात. संध्याकाळी परत जोडता येतात.

त्रास एकच, सुटकेच्या खुणांचा. एसएसएचमधून बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब. एसएसएचच्या आत आणखी एसएसएच असेल तर टिल्ड दोनदा. सीयू या प्रोग्रॅमचीही तीच खूण. टेलनेटची वेगळी. मिनिकॉम या सिरियल प्रोग्रॅमलाही कंट्रोल-ए लागतो, म्हणून तो स्क्रीनच्या आत उघडला की दोघांत ओढाताण होते. यातली प्रत्येक खूण एका कागदावर लिहून टर्मिनलच्या कडेला चिकटवा.

रीबूट झाल्यावर ॲडॉप्टरांची नावं बदलतात. राउटरच्या जागी सन उघडतं.

क्रमाने मिळणारी टीटीवाययूएसबी०, टीटीवाययूएसबी१ ही नावं कुठलं आधी सापडलं यावर ठरतात, त्यांच्यावर विसंबू नका. लिनक्स प्रत्येक ॲडॉप्टरचं कायमचं नावही बनवतो, डेव्हमधल्या सिरियल फोल्डरमध्ये 'बाय-आयडी' खाली. एफटीडीआयच्या चिपमध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक असतो, तिथे हे छान चालतं. स्वस्तातल्या सीएच३४० मध्ये बहुधा नसतो, म्हणून दोन सारख्या ॲडॉप्टरांत फरकच राहत नाही. तिथे 'बाय-पाथ' वापरा आणि कुठला ॲडॉप्टर कुठल्या सॉकेटात हे ठरवून ठेवा. परवानगी नाही असा संदेश आला तर स्वतःला 'डायलआउट' गटात घाला. दर वेळी रूट होऊ नका.

पायच्या पिनांनाच टर्मिनल थेट जोडलं तर ॲडॉप्टरचा खर्च वाचेल ना?

नाही, पाय जाईल. त्याच्या ८ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर सिरियल आहे खरं, पण ते ३.३ व्होल्टचं. टर्मिनल तिथे उणे १० व्होल्ट आणून सोडेल. मध्ये मॅक्स३२३२ ची छोटी पट्टी लावा, ती ३.३ व्होल्टवर चालते. जुनी मॅक्स२३२ पाच व्होल्टची आहे, ती इथे घेऊ नका.

पडद्यावर कचरा येतो. सुरुवात कुठून करू?

कॉम्प्युटर बाजूला ठेवा. टर्मिनलच्या मागे पाठवायची आणि ऐकायची पिन तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा, लोकल एको बंद ठेवा आणि टाइप करा. अक्षर उमटलं तर टर्मिनल ठीक. मग तेच केबलच्या दुसऱ्या टोकाला, मग स्विच बॉक्सच्या पलीकडे. जिथे अक्षर उमटायचं थांबेल तिथे दोष.

सगळीच अक्षरं चुकीची असतील तर बॉड रेट. निम्मी बरोबर आणि निम्मी चुकीची असतील तर पॅरिटी. समोरचा इव्हन पॅरिटीने पाठवत असेल आणि तुम्ही आठ बिट वाचत असाल, तर मोठा 'ए' आणि 'बी' नीट येतील, कारण त्यांत दोन-दोन एक आहेत. 'सी' मध्ये तीन आहेत, म्हणून त्याचा आठवा बिट चढतो आणि पडद्यावर भलतंच चिन्ह दिसतं.

टर्मिनलवर मराठी दिसेल का?

दुर्दैवाने नाही, आणि जे घडतं ते नुसत्या न दिसण्यापेक्षा वाईट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. व्हीटी२२० आणि पुढची टर्मिनलं आठ बिटांवर ठेवली, तर त्या बाइटांपैकी काहींना ती नियंत्रणाचे आदेश समजतात. 'अ' चा शेवटचा बाइट म्हणजे 'पुढच्या ओळीवर जा'. हलन्ताचा शेवटचा बाइट म्हणजे 'एक ओळ वर जा', म्हणजे प्रत्येक जोडाक्षरागणिक कर्सर वर उडी मारतो. 'छ' ने एस्केप आदेश सुरू होतो. आणि 'ऐ' आला, तर त्यापुढचा मजकूर टर्मिनल आदेशाचा भाग समजून गिळत राहतं. मराठी नावांच्या फाइलींची यादी मागितली तर पडदा विस्कटतो, तो यामुळे.

पायवर स्क्रीन चालवत असाल तर ते टर्मिनलच्या अक्षरसंचात नसलेल्या चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतं, निदान पडदा शाबूत राहतो. मजकूर वाचायचाच असेल तर आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या यूकॉन्व्ह प्रोग्रॅमने देवनागरीचं रोमन लिप्यंतर करून घेता येतं. मी टर्मिनलवरून हाताळायच्या फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवतो, मजकूर मराठीत.

केबल किती लांब चालेल? दुसऱ्या इमारतीत नेली तर?

१५ मीटरचा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे, पण खरी मर्यादा केबलच्या कपॅसिटन्सची आहे, २५०० पिकोफॅरड. ९६०० वर चांगली कॅट-५ केबल ४५ मीटरच्या आसपास सहज नेते.

दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार नेऊ नका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि तुमच्या केबलचा ग्राउंड तो फरक स्वतःमधून वाहून नेतो. त्यात मृगाच्या पावसातली वीज जवळपास कुठे पडली, तर दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तिथे फायबर किंवा सरळ नेटवर्क वापरा. एकाच इमारतीत वेगवेगळ्या फेजवरची मशीनं असतील तर ऑप्टो-आयसोलेटर लावलेला ॲडॉप्टर घ्या, त्याची किंमत एका मदरबोर्डपुढे काहीच नाही.

माझं उलटं आहे: लॅपटॉप एक, आणि रॅकमध्ये दहा नेटवर्क स्विच. हेच उत्तर लागू पडतं का?

तंतोतंत. टर्मिनलच्या जागी लॅपटॉप, बाकी तेच. यासाठी तयार कन्सोल सर्व्हर मिळतात, आणि जुना सिस्को २५११ अजूनही चालतो: त्याला १६ असिंक्रोनस लाइन आहेत, आणि २००० मध्ये लाइनचा क्रमांक मिळवून येणाऱ्या पोर्टवर टेलनेट केलं की त्या स्विचचा कन्सोल उघडतो. तो पोर्ट उघड्या नेटवर्कवर मात्र ठेवू नका, टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जातो.

लिनक्स पेटीवर करायचं असेल तर कॉनसर्व्हर बसवा. कुणी बघत असो वा नसो, प्रत्येक कन्सोलवर आलेली ओळन्‌ओळ तो फाइलीत लिहून ठेवतो. मध्यरात्री मशीन पडलं, तर शेवटचे शब्द सकाळी वाचायला मिळतात. एकाच कन्सोलवर अनेकांना बघता येतं, टाइप एकालाच करता येतं.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. ९ आणि २५ पिनांचे कनेक्टर, त्यांची कवचं, मॅक्स३२३२ च्या पट्ट्या आणि यूएसबी ॲडॉप्टर तिथे मिळतात. एमएमजे बहुधा मिळणार नाही. ए-बी बॉक्स नव्या दुकानांपेक्षा जुन्या सामानवाल्यांकडे शोधा. दुकानदाराला 'प्रिंटरचा डेटा स्विच' म्हणून सांगितलं की पटकन कळतं.

मधला पाय बंद पडला तर सगळंच हातातून जाईल. मग?

म्हणून स्विच बॉक्स फेकून देऊ नका. टर्मिनल त्याच्या सामाईक सॉकेटला लावा. ए वर पाय. बी वर, थेट, ते एक मशीन जे बंद पडलेलं तुम्हाला परवडत नाही. बी ची केबल सगळ्या तारांची बनवा, त्या मशीनवरचं ब्रेकचं सेटिंग आधी बदलून घ्या, आणि वेग दोन्हीकडे ९६०० ठेवा. महिन्यातून एकदा नॉब बी वर नेऊन लॉगिन करून बघा. हे बॉक्स बरेच दिवस न फिरवता पडून राहिले की आतल्या संपर्कांवर ऑक्साइड चढतं. नॉब दोन्ही टोकांपर्यंत दहा-वीस वेळा फिरवला की बहुधा साफ होतं. फिरवायच्या आधी केबल काढून ठेवा.